अर्धा रस्ता

दसरा ते दिवाळी एकशे बेचाळीस गाड्या विकल्या
म्हणून कंपनीनं मलेशियाला नेलं.
बाकीचे डीलर, परळीचे, उमरग्याचे, सेलूचे,
मनोऱ्यापुढं फोटो काढायला गेले.
मी यादीत खाली, बारीक अक्षरात,
'ट्रॅक स्कूल, दोन दिवस' होतं, त्यावर टिक केली.
औशाच्या माणसानं फुकटचं सोडू नये.

चामड्याचा सूट मिळाला.
पोटापाशी चेन बसेना.
दोघांनी मिळून बसवली,
गाभण म्हैस टेम्पोत चढवावी तशी.
गुडघ्यांवर प्लास्टिकच्या जाड चकत्या.
म्हणलं, ह्या कशाला?
शिकवणारी हसली. टेकवायला, म्हणाली.
आमच्याकडं गुडघा रस्त्याला टेकला
की टाके पडतात.

तिचं नाव सिती. माझ्या भाचीच्या वयाची.
तिचं इंग्रजी तुटकं, माझं त्याहून,
त्यामुळं जमलं.
हँडल आवळू नको, म्हणाली.
मी मनात आपल्या भाषेत लावून घेतलं:
झोपलेलं लेकरू
ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेताना
हात असतात तसे.
जिकडं बघशील तिकडं गाडी जाते, म्हणाली.
म्हणजे खड्ड्याकडं बघितलं की खड्डा.
वीस वर्षं मी दुसरं काय बघितलं?
लातूरपर्यंतचे मला तोंडपाठ आहेत.

तीन फेऱ्या झाल्यावर तिनं मला आत बोलावलं.
एवढं रुंद डांबर,
ना गतिरोधक, ना म्हैस,
आणि तू डाव्या कडेला चिकटून का चालतोस?
अर्धा रस्ता कुणासाठी सोडलायस?

मी सांगायला गेलो.
की समोरून ऊस येतो, दोन ट्रॉल्यांचा, बिनलाइटचा.
समोरून शेवटची बस येते, एकाच डोळ्याची.
समोरून वरात येते, जनरेटरसकट.
समोरून शाळा सुटते.
आणि लामजन्याच्या अलीकडं, वळणावर,
समोरून रामलिंगसाठी काहीतरी आलं.
काय, ते कुणी बघितलं नाही.
त्याला चावी मीच दिली होती,
हार घालून, नारळ फोडून, पेढा भरवून.
ह्यातलं इंग्रजीत तेवढंच आलं:
पीपल. पीपल कमिंग.

ती थोडी थांबली.
इथं समोरून कुणी येत नाही, म्हणाली.

असं एक ठिकाण असतं
हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

मग घेतला सगळा रस्ता.
बाहेरून आत, आतून बाहेर,
आपल्याच बापाचा असल्यासारखा.
दुसऱ्या दिवशी, जेवणानंतर,
उजवा गुडघा टेकला.
खर्र.
सुतार रंधा मारतो तेवढाच आवाज.
हेल्मेटच्या आत मी रामलिंगला
एक सणसणीत शिवी दिली.
रडलो का, ते काचेवर वाफ होती, सांगता येत नाही.

चकत्या आता काउंटरवर असतात,
पावत्या उडू नयेत म्हणून.
गिऱ्हाईक विचारतं, हे कशानं झिजलं हो?
चावी देताना आता मी एक वाक्य जास्त बोलतो.
पोराचं लक्ष फोटोत असतं.
त्याची आई तेवढी ऐकते.

बायपास अजून उघडला नाही.
मंत्र्यांची तारीख मिळत नाही म्हणतात.
परवा पहाटे पिंप सरकवून
डेमोची गाडी आत घातली.
पुढं मोठं डावं वळण, कोरं करकरीत,
पट्टेसुद्धा मारलेले नाहीत.
हात सैल, नजर वळणाच्या पार टोकाला,
आणि बाहेरून आत यायचं म्हणून
उजवीकडं सरकतो
तर तिकडं सोयाबीन.

लांबच लांब वाळत घातलेलं.
कडेनं दगड मांडलेले.
एक पोरगा अनवाणी, पाय घासत,
दाण्यांतून रेघा ओढत चाललेला.
त्यानं मान वर केली, हात केला,
थांब म्हणून नाही,
ते तुमचं, हे आमचं, अशा हिशोबानं.

उरलेल्या अर्ध्यात
बसलं तेवढं वळण घेतलं.
एक दाणा उडाला नाही.